मका डोक्यावर गेला, दूध मात्र जागेवरच: वाण कुठे चुकतोय ते कसं शोधायचं

मका दहा फूट वाढला, कुट्टी केली, जनावरांना पोटभर घातली आणि दूध होतं तिथेच राहिलं. पुढच्या हंगामात बियाणं बदललं. मका आणखी उंच झाला, पण गोठ्यात फरक शून्य. मी स्वतः असे तीन हंगाम घालवले आणि दर वेळी बियाण्याला दोष दिला.

चौथ्या हंगामात पहिल्यांदा शेताऐवजी गव्हाण नीट बघितली. सकाळी जनावरं बाहेर काढल्यावर तळाशी काय उरलंय ते उचलून पाहिलं. पानं संपली होती, शेंडे संपले होते. उरले होते ते बुडख्याकडचे धाटाचे तुकडे, अंगठ्याएवढे जाड, नखाने दाबले तर खूण उठणार नाही इतक्या कडक सालीचे. काही तुकडे चघळून टाकलेले, आतला गर चोखलेला आणि साल तशीच. ते सगळं पोत्यात भरून तोललं तेव्हा घातलेल्या वैरणीचा जवळपास पाचवा हिस्सा भरला. म्हणजे पाचातली एक ओळ मी गव्हाणीतून उचलून उकिरड्यावर टाकण्यासाठीच वाढवत होतो.

तेव्हापासून मी मक्याचा वाण उलट्या बाजूने निवडतो. आधी खाणारं कोण, मग त्याला मका कुठल्या रूपात मिळणार, मग कापणी कुठल्या आठवड्यात पडणार, आणि सगळ्यात शेवटी बियाण्याची पिशवी. खाली घेतलेल्या तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येणाऱ्या आहेत. बहुतेक वेळा बियाणं खराब नसतं. एका कामासाठी पैदास केलेला वाण आपण दुसऱ्याच कामाला जुंपलेला असतो.

मुरघास भरपूर केला, पण त्यात ताकद नाही

ही सगळ्यात मोठी तक्रार, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

मुरघास म्हणजे हिरवी कुट्टी खड्ड्यात दाबून, हवा बंद करून आंबवलेला चारा. त्यासाठीच्या मक्याची ताकद कणसात असते. चांगल्या मुरघासात कोरड्या वजनाचा ४० ते ५० टक्के हिस्सा कणसाचा असतो आणि स्टार्च साधारण ३० टक्के. आफ्रिकन टॉलसारखा चाऱ्याचा उंच वाण पाल्याला दणदणीत असतो, पण झाडाच्या मानाने त्याचं कणीस लहान. हिरवा कापून रोज घालायला तो उत्तमच आहे. तोच वाण दाट पेरून, कणीस भरायच्या आत खड्ड्यात दाबला, की गोठ्याला मिळतो तो आंबवलेला पाला. त्यावर दूध वाढवायचं तर पेंड आणि भरडा वरून घालावाच लागतो.

मुरघासाला म्हणून दाण्याचं भरघोस उत्पादन देणारा, भक्कम धाटाचा, मध्यम उंच संकरित वाण घ्या. शेतात तो उंच मक्यापुढे खुजा दिसतो आणि इथेच मन कच्चं होतं. त्यासाठी एक साधा हिशेब करून पाहा. एका एकरातून २५ टन ओला चारा निघाला आणि त्यात कोरडा अंश (पाणी वजा जाता उरणारं वजन) २२ टक्के असला, तर हाती आला साडेपाच टन. दुसऱ्या एकरातून २० टनच निघाला, पण कोरडा अंश ३३ टक्के, तर हाती आला ६.६ टन, तोही दाण्याने भरलेला. पहिल्या एकरात आपण पाच टन जास्तीचा माल वाहिला आणि त्यातलं बरंचसं पाणी होतं.

आता कापणीची वेळ. अख्ख्या झाडाचा कोरडा अंश ३० ते ३५ टक्के असताना मुरघास भरायचा. त्याहून ओला असेल तर खड्ड्याच्या तळातून रस वाहतो, त्या रसाबरोबर साखर जाते आणि मुरघासाला आंबूस-कुजका वास येतो. ४० टक्क्यांच्या वर वाळला तर कितीही तुडवला तरी हवा राहते, खड्डा उघडला की गरम वाफ येते आणि वरच्या थरात बुरशी धरते. पुष्कळ जण मुरघास बिघडला की कल्चर (आंबवणीसाठी मिसळतात ते जिवाणू), प्लॅस्टिक, ट्रॅक्टरवाला या सगळ्यांना जबाबदार धरतात. मी आधी विचारतो: कापताना दाणा कसा होता?

तो बघायची रीत अशी. कणीस सोलून मधोमध मोडा आणि शेंड्याकडचा अर्धा भाग हातात धरा. मोडलेल्या तोंडाकडून दाण्यांची जी बाजू दिसते तिच्यावर अंकुर नसतो, आणि त्याच बाजूला एक पुसट रेषा असते. रेषेच्या वर, दाण्याच्या डोक्याकडे, पिठूळ घट्ट भाग. खाली, कणसाच्या दांड्याकडे, अजून दुधाळ. ही दुधी रेषा डोक्याकडून खाली सरकत जाते. ती अर्ध्यावर आली की खड्ड्याची तयारी करा. दोन तृतीयांश खाली गेली की फार थांबू नका.

पण निव्वळ दाण्यावर विसंबू नका. काही वाणांत दाणा पिकला तरी झाड हिरवंगार राहतं. दाणे काढून घेतल्यावर हिरवा चाराही हवा असेल त्याला हा गुण वरदान आहे. मुरघासवाल्याला मात्र हाच वाण चकवतो: हिरव्या पानांकडे बघून आपण थांबतो आणि दाणा दगड होऊन बसतो, किंवा दाण्याकडे बघून कापतो आणि धाटातल्या पाण्याने खड्डा वाहतो. म्हणून चार-पाच झाडांची कुट्टी करून मूठ आवळून पाहा. बोटांतून रस ठिबकला तर मका फार ओला आहे. रस ठिबकत नाही, पण मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहतो आणि तळवा चांगला ओला होतो, तरी अजून थांबायला हवं. गोळा हळूहळू उलगडला आणि तळव्याला जेमतेम ओल लागली, की यंत्र बोलवा. मूठ उघडताच सगळं भुरभुरून पडलं तर उशीर झाला आहे. कुट्टी बारीक करा आणि दुप्पट तुडवा.

नेमका आकडा हवा असेल तर १०० ग्रॅम कुट्टी मायक्रोवेव्हमध्ये थोडी थोडी वाळवा. आत एक कप पाणी ठेवा, नाहीतर शेवटी शेवटी चारा पेट घेतो. वजन उतरायचं थांबलं की जितके ग्रॅम उरले तितके टक्के कोरडा अंश. पिकत्या मक्यात हा अंश दिवसाला साधारण अर्धा टक्का वाढतो. आज २८ आला तर अजून चार ते सहा दिवस आहेत, असं धरून चालायला हरकत नाही.

इथून वाणाच्या दिवसांचा मुद्दा येतो. पिशवीवर ९५ दिवस लिहिलेलं असतं ते पंचांग नव्हे. मका ऊब मोजतो, दिवस मोजत नाही. थंड हंगामात तोच वाण तीन-चार आठवडे जास्त घेऊ शकतो. शिवाय ते दिवस बहुधा दाणा पक्व होईपर्यंतचे असतात; मुरघासाची कापणी त्याच्या आधी येते. कुट्टीयंत्र, मजूर आणि पाऊस यांचा मेळ एकाच आठवड्यात बसेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी एकाच दिवशी दोन वाण पेरतो, दोघांच्या पक्वतेत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवून. तेवढा कापणीचा अवकाश वाढतो. एकच वाण टप्प्याटप्प्याने पेरूनही हे साधतं, पण मग शेजारच्या मोठ्या मक्यातली लष्करी अळीची पतंगं लहान मक्यावर उतरतात आणि उशिराच्या टप्प्याला त्याचा मार बसतो.

शेणात अख्खे दाणे दिसतात

मूठभर शेण गाळणीत धुऊन बघा. दाणे तसेच निघत असतील तर दुधाऐवजी शेणात चाललेला खुराक तुमच्या समोर आहे.

मक्याचे दाण्यावरून दोन मोठे गट पडतात. फ्लिंट म्हणजे गोल, चकचकीत, काचेसारखा कडक दाणा. डेंट म्हणजे डोक्यावर खाच पडलेला, आतून पिठूळ दाणा. फ्लिंटमध्ये स्टार्चच्या कणांभोवती प्रथिनांचं घट्ट वेष्टण असतं, त्यामुळे जनावराच्या पोटातले जिवाणू त्याला सावकाश पोखरतात. मुरघासाला डेंट किंवा डेंटकडे झुकणारा वाण सरस ठरतो. साठवणीच्या धान्याला मात्र फ्लिंटचा कडकपणाच कामाला येतो, कारण सोंडे-किडे त्याला सहज लागत नाहीत.

फ्लिंट आधीच खड्ड्यात गेला असेल तर घाबरू नका. खड्डा उघडायची घाई करू नका. दाण्याभोवतालचं ते वेष्टण आंबवणीत महिनोन् महिने हळूहळू सुटत राहतं. दीड महिन्याच्या मुरघासापेक्षा चार-पाच महिन्यांच्या मुरघासातला स्टार्च जास्त पचतो. पुढच्या खेपेला दाणे फुटतील असं यंत्र लावा आणि दुधी रेषा अर्ध्यावर असतानाच कापा.

गव्हाणीत बुडखे उरतात

माझी मूळ तक्रार. यात वाणाइतकाच कापणीच्या उंचीचा हात असतो. जमिनीलगत कापण्याऐवजी गुडघ्याच्या थोडं खाली कापलं तर सगळ्यात कडक, सगळ्यात कमी पचणारा भाग शेतातच राहतो. वजन थोडं घटतं, पण खाल्लं जाणारं प्रमाण वाढतं. कुट्टीचे तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे ठेवा. ते दोन बोटं लांब झाले की जनावर निवडून खातं.

काही वाणांत धाटाचा कडकपणा जन्मतःच कमी असतो. पानाची मधली शीर तपकिरी असलेला मका अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९२४ साली पहिल्यांदा नोंदवला गेला. त्यात लिग्निन (धाटाला कडकपणा देणारा घटक) कमी, त्यामुळे चारा मऊ, आणि दुभती जनावरं तो जास्त खातात. पण लिग्निन कमी म्हणजे कणाही कमजोर: वाऱ्यात लोळण्याचा धोका वाढतो आणि उत्पादनही बहुधा घटतं. जोराच्या वाऱ्याच्या जागी मी तो लावणार नाही.

हिरवा चारा म्हणूनच मका हवा असेल तर तुरा पडल्यापासून दाणा चिकात येईपर्यंत कापा. पुढे धाट झपाट्याने कडक होतं. नुसत्या मक्यावर प्रथिनं पुरत नाहीत, हिरव्या मक्यात ती कोरड्या वजनाच्या ८ ते १० टक्क्यांच्या आसपासच असतात. दोन ओळी मका, एक ओळ चवळी हा जुना मेळ आजही चांगला चालतो. स्वीट कॉर्न किंवा बेबी कॉर्नची कणसं काढल्यावर उरणारं हिरवं झाडही उत्तम वैरण आहे. बाजारासाठी कणीस आणि गोठ्यासाठी चारा दोन्ही हवं असेल त्याने या वाणांचा विचार जरूर करावा.

तुरा आला, कणीस भरलंच नाही

यात बियाण्याला शिव्या देण्याआधी ओळीत किती झाडं आहेत ती मोजा. चाऱ्यासाठी एकरी २० ते ३० किलो बी लागतं, दाण्यासाठी ८ किलोच्या आसपास. चाऱ्याच्या दाटीने पेरून दाण्याची अपेक्षा ठेवली की झाडं उजेडासाठी एकमेकांशी झगडतात. दाटीत किंवा पाण्याच्या ताणात तुरा वेळेवर फुलतो, पण कणसाचे केस उशिरा बाहेर येतात. ते बाहेर येईपर्यंत पराग संपलेला असतो आणि कणसाचा शेंडा बोडका राहतो. दाण्याच्या मक्याला ६० × २० सेंटिमीटर म्हणजे हेक्टरी ८३ हजार झाडं, ७५ × २० म्हणजे ६६ हजार. पाणी बेताचं असेल तर दुसरं अंतर घ्या. कोरडवाहू जमिनीत लवकर येणारा वाण, भले पाच पोती कमी दे, पण तुऱ्याच्या वेळी ओल मिळेल असा निवडा.

दाण्याला बुरशी लागते

दाणी मक्यात वाण निवडताना मी कणसाचा शेंडा बघतो. सोलपट शेंड्याच्या पुढपर्यंत घट्ट आवळलेलं असेल तर पाऊस, पाखरं आणि अळी आत शिरत नाहीत. उघड्या तोंडाचं कणीस, त्यात भरणीच्या काळात उन्हाचा तडाखा आणि पाण्याचा ताण, की अस्परजिलस बुरशीला आमंत्रणच. तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष जनावराच्या यकृतावर घाव घालतं आणि खाल्लेल्या विषाचा काही अंश दुधातही उतरतो, म्हणजे ते पुढे पोराबाळांच्या पेल्यात जातं. बुरशीचा मका ‘कोंबड्यांना नको, गाईंना चालेल’ असं म्हणणाऱ्यांनी हे एवढं ध्यानात घ्यावं. ते शिजवून जात नाही, पेंडीत मिसळून जात नाही. घोड्यांना तर बुरशीचा मका कधीच घालू नये. फ्युमोनिसिन या दुसऱ्या बुरशीविषाने त्यांच्या मेंदूचा काही भाग अक्षरशः विरघळतो आणि जनावर दगावतं.

दाणा पिकला की त्याच्या टोकाला, जिथे तो दांड्याला चिकटलेला असतो, तिथे काळा थर येतो. नखाने टोक खरवडलं की दिसतो. काळा थर आला म्हणजे दाणा भरून झाला, पण ओलावा अजून ३० टक्क्यांच्या वर असू शकतो. साठवायला तो १२ ते १३ वर आणावा लागतो. म्हणून कापणी पावसात सापडणारा उशिराचा वाण कितीही उत्पादन देत असला तरी, वाळवायची सोय नसेल तर सोडून द्या.

कोंबड्या आणि डुकरं वाढत नाहीत

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या पहिल्या पोटातले जिवाणू स्वतःच प्रथिनं तयार करतात. कोंबडी आणि डुकराकडे ती सोय नाही, त्यांना मक्यात जे आहे तेवढंच मिळतं, आणि साध्या मक्यात लायसिन व ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांची चणचण असते. १९६४ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी ओपेक-२ नावाच्या मक्यात ही दोन्ही जास्त असल्याचं दाखवलं. पण तो दाणा मऊ होता, किडीला लवकर बळी पडायचा आणि उत्पादनही कमी. मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेत सुरिंदर वसल आणि एव्हँजेलिना व्हिलेगास यांनी वर्षानुवर्षं निवड करून त्याचा दाणा कडक केला, उत्पादनही सुधारलं. त्यातून दर्जेदार प्रथिनांचा मका आला आणि २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. साध्या मक्याच्या जवळपास दुप्पट लायसिन त्यात असतं. घरचाच मका भरडून कोंबड्या-डुकरांना घालत असाल तर हा वाण शोधून लावा. दुभत्या जनावरांसाठी त्याच्या बियाण्यावर जादा खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

पिवळा की पांढरा हा प्रश्न अंडीवाल्यांचा. बलकाचा रंग पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्यांतून येतो, पांढऱ्या मक्यावर बलक फिका पडतो.

घरचं बी ठेवलं, दुसऱ्या वर्षी मका मागे पडला

संकरित वाणाचे गुण दुसऱ्या पिढीत विखुरतात. काही झाडं उंच, काही खुजी, कणसं एकसारखी नाहीत आणि उत्पादन हमखास घसरतं. तो त्या बियाण्याचा स्वभाव आहे, फसवणूक नाही. घरचं बी धरायचं असेल तर सुरुवातीपासून संमिश्र वाण (संकरित नसलेला, ज्याचं घरचं बी चालतं असा) घ्या. शेताच्या कडेची कणसं सोडून मधली, निरोगी, न लोळलेल्या झाडांची किमान शंभरेक कणसं निवडा. दहा-वीस देखण्या कणसांवर भागवलं तर चार पिढ्यांत वाणाचा जोम उतरतो. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो, म्हणून दुसरा मका किमान २०० मीटर दूर असावा, नाहीतर फुलोऱ्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर.

ताण पडलेला मका घालावा का?

घालावा, पण दमाने. पाण्याच्या ताणात नायट्रेट धाटाच्या बुडख्यात साठतं आणि ते जास्त झालं की जनावराला विषबाधा होते, विशेषतः युरियाचा डोस नुकताच दिलेला असेल तर. ताणानंतर पाऊस पडला की लगेच कापू नका, आठवडाभर थांबा. फूटभर वरून कापा, भुकेल्या जनावराला एकदम घालू नका, दुसऱ्या वैरणीत मिसळून वाढवत न्या. मुरघास केला तर आंबवणीत नायट्रेटचा बराच भाग कमी होतो.

पुढच्या पेरणीआधी

सगळं शेत एकाच वाणाखाली घालू नका. १९७० साली अमेरिकेतल्या बहुतांश संकरित मक्याच्या बियाण्यात एकाच प्रकारचा पुंवंध्य पेशीद्रव (ज्याच्यामुळे तुऱ्यात पराग तयार होत नाही) आलेला होता. पानांवरच्या करप्याची नवी जात आली आणि देशाचं साधारण १५ टक्के मक्याचं पीक गेलं. आपल्या दोन एकरांतही दोन निराळ्या घराण्यांचे वाण असलेले बरे.

तीन वाणांच्या प्रत्येकी चार ओळी एकाच तुकड्यात, एकाच दिवशी, एकाच खताने लावा. कडेच्या ओळी मोजू नका. दुधी रेषा अर्ध्यावर आली ती तारीख, लोळलेली झाडं, दहा झाडांचं वजन, त्यातल्या कणसांचं वजन आणि मायक्रोवेव्हमधला कोरडा अंश एवढं वहीत लिहा. मग प्रत्येक वाणाची कुट्टी वेगवेगळी करून त्याच त्या जनावरांना चार-चार दिवस घाला. पहिला दिवस सोडून द्या, नव्या चवीला जनावर बिचकतं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, गव्हाण झाडायच्या आधी, उरलेलं तोलून त्या वाणाच्या नावापुढे टिपा.